नागपुरात स्पोर्ट्स स्कॉलरशिपचं काउन्सेलिंग: एकाने व्हिडिओ मागितला, दुसऱ्याने नववीची मार्कशीट

आमची पोरगी फुटबॉल खेळते, मिडफिल्डला, सातवीपासून. तिला अमेरिकेतल्या कॉलेजात खेळायला पाठवता येईल का हे पाहायला गेल्या दीड वर्षात आम्ही नागपुरातल्या दोन ठिकाणी पैसे भरले अन् दोन्हीकडचा अनुभव लिहायचं कधीपासून मनात होतं, कारण मैदानावर रोज कोणी ना कोणी आईबाप विचारतात की काकू तुम्ही कुठं जाऊन राहिले. नावं दोघांचीही लिहीत नाहीये. पहिल्याचं नाव लिहून मला भांडण नको अन् दुसऱ्या सरांनी स्वतःच सांगितलं की नाव टाकू नका, आधीच गर्दी होते. पण काय पाहून माणूस निवडायचा ते समजलं तर नावाची गरज पडणार नाही.

पहिलं ठिकाण धरमपेठ साइडला. एसी हॉल, मोठा स्क्रीन, चहा-बिस्किट, पन्नास-साठ आईबाप. स्क्रीनवर एक तुडुंब भरलेलं स्टेडियम दाखवलं अन् सांगितलं की अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलला लाख-लाख लोक येतात, कोच वर्षाला कोट्यवधी कमावतात, पोरांना फुल स्कॉलरशिप देतात, राहणं-खाणं सगळं फ्री. आम्ही दोघं नवराबायको भारावून गेलो खरं सांगते. घरी जाताना गाडीत मागून पोरगी म्हणाली, आई तो बॉल आपला नव्हता. तेव्हा लक्षात नाही आलं. तो अमेरिकन फुटबॉल होता, लांबट बॉल, हेल्मेट घालून खेळतात तो. तिकडे फुटबॉल म्हटलं की तोच, आपल्या मोहननगरच्या अन् कामठीच्या ग्राउंडवर जे चालतं त्याला ते सॉकर म्हणतात. लाख लोकांचं खरंच आहे, मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमात एक लाख सात हजारांवर लोक बसतात, पण त्याचा आमच्या पोरीशी संबंध काय, हे कोणी सांगितलं नाही.

पहिला हप्ता ३५ हजार. त्यांनी हायलाइट व्हिडिओ मागितला, उंची-वजन मागितलं, पासपोर्ट फोटो मागितला, टुर्नामेंटची सर्टिफिकेटं मागितली. मार्कशीट नाही मागितली. मीच विचारलं की मार्कांचं काय, तर उत्तर आलं "मॅडम, कोचला पसंत पडली की झालं, मार्क तिकडे कोणी पाहत नाही." मला ते ऐकून बरंच वाटलं होतं, कारण नववीत तिचे मार्क धाडकन खाली आले होते, इंटरस्कूल चालू होतं, अन् आपल्याकडे नववीला विचारतं कोण, पास झाली की बस. आठ महिने गेले. दर महिन्याला फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे". शेवटी एकदा बोलावलं अन् म्हणाले की प्रोफाइल थोडं मजबूत करू, नॅशनल खेळली असं लिहून देऊ, कागद आपण अरेंज करू. माझे मिस्टर तिथेच उठले. पैसे परत नाही आले.

दुसऱ्या सरांबद्दल मला मैदानावरच्या एका पालकाने सांगितलं. प्रतापनगरच्या बाजूला, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली चपला काढायच्या, बोर्ड नाही. सर आधी कॉलेजात पीटीचे सर होते, आता रिटायर. पोरं त्यांना मार्कशीटवाले सर म्हणतात अन् ते का म्हणतात ते पाच मिनिटांत कळलं. मी मोबाइल काढून व्हिडिओ लावायला लागले तर म्हणाले, "ताई, व्हिडिओ नंतर. नववीची मार्कशीट आणली का?" मी म्हटलं दहावीची आहे. "दहावीची ठीक, नववीची कुठंय?" नव्हती. परत पाठवलं. शाळेत जाऊन डुप्लिकेट काढून आणली तेव्हा दुसऱ्या रविवारी बसवलं.

मग त्यांनी जे समजावलं ते इथं लिहिते, कारण ह्याच कामाचे पैसे घेतात ते अन् माझ्या मते पूर्ण वसूल आहेत.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांची मोठी संस्था एनसीएए, तिचे तीन डिव्हिजन. डिव्हिजन वनमध्ये पहिल्या वर्षापासून खेळायचं तर शाळेचे १६ कोअर म्हणजे मुख्य विषय लागतात (एका विषयाचं एक वर्ष म्हणजे एक धरायचं), इंग्रजी ४ वर्षं, गणित ३ वर्षं, विज्ञान २ वगैरे, अन् त्यांची सरासरी त्यांच्या ४ च्या स्केलवर किमान २.३ पाहिजे. डिव्हिजन टूला २.२. डिव्हिजन थ्रीला एनसीएएचा स्वतःचा असा आकडा नाही, तिथं कॉलेज ठरवेल ते. त्या १६ मधले १० विषय शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या आधी झालेले पाहिजेत अन् त्यातले ७ इंग्रजी-गणित-विज्ञानातले, म्हणजे शेवटच्या वर्षी घाईघाईत मार्क सुधारून घेऊ हा रस्ता अमेरिकन पोरांना बंद. मोजणी नववीपासून. नववी! सर टेबलावर बोट ठेवून म्हणाले, "तुमच्याकडे ज्या वर्षाला कोणी विचारत नाही तिथून त्यांचं मीटर सुरू होतं." मला पोटात कालवल्यासारखं झालं.

अन् गणिताचं तर कोणाच्याच डोक्यात नव्हतं. पोरगी कॉमर्सला, अकरावीत मॅथ्स घ्यायचं की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस), सगळ्या मैत्रिणी एसपी घेऊन राहिल्या म्हणून हिनेही एसपीवर टिक केलं होतं. सरांनी हिशोब मांडला, नववी एक, दहावी दोन, तिसरं वर्ष कुठून आणणार? अॅडमिशन होऊन जेमतेम दोन हप्ते झाले होते, आम्ही दुसऱ्याच दिवशी कॉलेजात अर्ज देऊन मॅथ्स बदलून घेतलं. ह्या एका गोष्टीसाठी मी सरांना आयुष्यभर मानेन.

दुसरं, ड्रॉप. नागपुरात नीट-जेईईसाठी बारावीनंतर ड्रॉप घेणं म्हणजे काहीच नाही, प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक ड्रॉपर. सरांनी स्पष्ट सांगितलं की खेळायला जायचं असेल तर ड्रॉपचा विचार शंभर वेळा करा. त्यांच्या नियमात नववीपासून चार वर्षांत शाळा वेळेवर संपली पाहिजे असं धरतात, अन् नंतर जास्त काळ थांबून इकडे टुर्नामेंटा खेळत राहिलं तर तिकडच्या खेळायच्या वर्षांतून वर्ष कापलं जाऊ शकतं. नियम बदलत राहतात म्हणून प्रत्येक वेळी एनसीएएच्या साइटवरून ताजी कॉपी काढून त्यावर पेनाने खुणा करून देतात, तोंडी काही ठेवत नाहीत.

आता जो भाग मला सगळ्यात आवडला तो. एनसीएएचं हे २.३ म्हणजे फक्त पहिलं दार. दुसरं दार कॉलेजचं स्वतःचं अॅडमिशन ऑफिस, अन् तिथं कोचचं चालेलच असं नाही. सरांनी उदाहरणं सगळी त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलची दिली, कारण तिथं हा झगडा सगळ्यात मोठा. स्टॅनफर्ड, नोटर डेम, नॉर्थवेस्टर्न, ड्यूक, व्हँडरबिल्ट, राइस, ह्या कॉलेजांत अभ्यासाची पातळी एनसीएएच्या किमान आकड्यापेक्षा बरीच वर. म्हणजे असं बघा, एखादा पोट्टा धिप्पाड आहे, वेगवान आहे, पंधरा कॉलेजचे कोच त्याच्या मागे लागलेत, पण त्याचे मार्क २.४, तर त्यातले दहा-बारा कोच त्याला लगेच घेतील अन् स्टॅनफर्डच्या कोचला पत्र पाठवून उपयोग नाही कारण तिथं अॅडमिशन ऑफिस आधी फाइल पाहतं. मग ह्या कोचांकडे निवडायला पोरंच कमी उरतात. जवळपासच्या दोन-चार राज्यांत भागत नाही, अख्ख्या देशात फिरून खेळही येतो अन् अभ्यासही आहे अशी पोरं शोधावी लागतात, अन् नववी-दहावीतच मार्क मागवून घ्यावे लागतात, नाहीतर दोन वर्षं मागे लागून शेवटी अॅडमिशन ऑफिस नाही म्हणतं.

म्हणून ते हरतातच असं नाही हं. मी विचारलं होतं. नॉर्थवेस्टर्न १९७९ ते १९८२ मध्ये सलग ३४ मॅच हरलं होतं अन् त्याच कॉलेजने १९९५ मध्ये बिग टेन ही आपली लीग जिंकून रोझ बोल ही मानाची मॅच गाठली. स्टॅनफर्डला जिम हार्बो कोच म्हणून आले, तीन-चार वर्षांत २०१० च्या सीझनला टीम १२ जिंकून १ हरली. व्हँडरबिल्टने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या नंबरच्या अलाबामाला ४०-३५ ने हरवलं. अन् त्या मॅचमधला व्हँडरबिल्टचा क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, दिएगो पाविया, शाळेतून थेट मोठ्या कॉलेजात आलेला नाही, आधी दोन वर्षांच्या कॉलेजातून, मग न्यू मेक्सिको स्टेटमधून इथं आला. हे दोन वर्षांचे ज्युनियर कॉलेज (आपलं अकरावी-बारावीवालं नाही, शाळा संपल्यानंतरचं) म्हणजे तिकडची तिसरी वाट, शाळेत मार्क कमी पडले किंवा कोणाची नजर पडली नाही तर तिथं शिकून खेळून मग मोठ्या कॉलेजात जाता येतं. सरांनी आम्हाला ही वाटही कागदावर लिहून दिली, "ही लाजेची नाही" असं पोरीकडे पाहून म्हणाले. पण त्यातही मेख आहे, एका कॉलेजातून दुसऱ्यात जाताना आधीचे क्रेडिट नवीन कॉलेजने मान्य करायला पाहिजेत, अन् कडक अभ्यासाची कॉलेजं ते सहज करत नाहीत. आता तिकडे ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलायचं असलेल्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीमुळे, खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलून राहिले, बाकीच्या टीमा त्यातून तयार खेळाडू उचलतात अन् स्टॅनफर्डसारख्यांना तिथंही हात आखडून घ्यावा लागतो.

हे मार्कांचं बंधन आलं कुठून, ह्यावर सर एक तास बोलले. १९८३ मध्ये एनसीएएने प्रपोझिशन ४८ नावाचा नियम पास केला, १९८६ पासून लागू, ११ कोअर विषयांत २.० सरासरी अन् सॅट ह्या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेत किमान ७००. त्याआधी पोरांना नुसतं खेळवून घ्यायचे अन् शिक्षण शून्य, अशा तक्रारी होत्या. पण परीक्षेच्या आकड्याने गरीब शाळांतली कृष्णवर्णीय पोरं जास्त बाहेर पडायला लागली. पुढे नियम आणखी कडक करून अर्धवट पात्र पोरांची स्कॉलरशिपही काढायचं ठरलं तेव्हा जॉर्जटाउनचे बास्केटबॉल कोच जॉन थॉम्पसन १९८९ च्या जानेवारीत मॅच सुरू व्हायच्या वेळी कोर्ट सोडून निघून गेले, निषेध म्हणून. किती वर्षं हा वाद चालला अन् शेवटी २०२३ मध्ये एनसीएएने सॅट अन् तसलीच दुसरी परीक्षा एसीटी, ह्यांची अटच काढली. हे ऐकताना मला आपल्याकडचं आठवत होतं, विजय बारसे सरांनी हिस्लॉप कॉलेजात असताना झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल देऊन जे उभं केलं ते. त्या पोरांना बॉल मिळाला, पण शाळेत नववीला त्यांच्या मार्कांकडे पाहणारं कोण होतं? ज्या पोराच्या घरी अभ्यासाला टेबल नाही त्याला एका आकड्यावर बाहेर काढायचं, अन् आकडाच नसला तर कॉलेज त्याला खेळवून रिकामं सोडणार. दोन्ही बाजू खऱ्या आहेत अन् मला अजून ठरवता नाही आलं कोणती जास्त खरी.

पण इथंच लोक फसतात, सॅट गेली म्हणून बिनधास्त होतात. एनसीएएची अट गेली, कॉलेजची नाही. हार्वर्ड, डार्टमथ, स्टॅनफर्ड ह्यांनी कोविडमध्ये ऐच्छिक केलेली परीक्षा परत सक्तीची केली. पहिल्यावाल्यांच्या स्लाइडवर मोठ्ठं लिहिलं होतं की सॅटची गरज नाही. अर्धं खरं सांगून पैसे घेणं हे मला खोटं सांगण्यापेक्षा जास्त लागलं.

आता आमच्या पोरीच्या कामाचं. आपलावाला फुटबॉल, मुलींचा. तिकडे १९७२ चा टायटल नाइन कायदा आहे, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी भेद करता येत नाही. हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये एका टीमला ८५ स्कॉलरशिप असायच्या, सगळ्या मुलांना, तेवढा तोल दुसरीकडे मुलींच्या खेळांत भरून काढायचा. म्हणून डिव्हिजन वनमध्ये मुलांच्या सॉकरला ९.९ अन् मुलींच्या सॉकरला १४ पूर्ण स्कॉलरशिपइतक्या पैशांची मर्यादा बरीच वर्षं होती. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टातल्या सेटलमेंटने, ज्या कॉलेजांनी ती स्वीकारली तिथं, ह्या मर्यादा जाऊन टीममध्ये किती खेळाडू ठेवायचे ह्यावर मर्यादा आली, त्यामुळे आता प्रत्येक कॉलेजला वेगळं विचारावं लागतं. पण मुद्दा तोच राहतो की सॉकरमध्ये पूर्ण स्कॉलरशिप क्वचित, कोच आपल्या वाट्याचे पैसे पंचवीस-तीस जणींत तुकडे करून वाटतो. अन् इथं मार्क कामाला येतात! ज्या पोरीला अभ्यासावर कॉलेजची वेगळी स्कॉलरशिप मिळते ती कोचला स्वस्त पडते, त्याच्या खिशातून कमी जातं, म्हणून दोन सारख्या मिडफिल्डरमधून तो मार्कवाली घेतो. डिव्हिजन थ्रीत अन् आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड-येलसारख्या आठ जुन्या कॉलेजांचा गट) तर खेळाची स्कॉलरशिपच नाही, तिथं जे काही मिळतं ते घरची परिस्थिती पाहून, अन् डिव्हिजन थ्रीच्या बऱ्याच कॉलेजांत मार्कांवरही. मी चाळीस जणांना "खेळाची स्कॉलरशिप" म्हणून सांगत फिरत होते, अन् निम्मे पैसे येणार होते मार्कांमधून.

आणखी एक कारण सरांनी सांगितलं ते मला पटलं. अॅडमिशन झाल्यावरही टीममधली पोरं पास होतात का, टिकतात का ह्याचा आकडा एनसीएए मोजते, त्याला एपीआर म्हणतात, १००० पैकी ९३० च्या खाली गेला तर टीमला पुढच्या मोठ्या स्पर्धेत खेळता येत नाही. कनेक्टिकटची मुलांची बास्केटबॉल टीम २०१३ मध्ये ह्यामुळेच बाहेर बसली, नावाजलेली टीम. मग कोच कशाला अशी पोरगी घेईल जी दुसऱ्या सेमिस्टरला नापास होऊन त्याचा आकडा पाडेल?

अन् ते नॅशनलचं खोटं लिहून देतो म्हणणारे, त्यांच्यासाठी सरांनी २०१९ ची केस सांगितली. व्हर्सिटी ब्लूज. रिक सिंगर नावाचा काउन्सेलर श्रीमंत आईबापांकडून पैसे घेऊन न खेळणाऱ्या पोरांना खेळाडू दाखवून मोठ्या कॉलेजात घुसवत होता, त्यात येलचा मुलींच्या सॉकरचाच कोच पैसे घेताना सापडला. सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, आईबापही जेलमध्ये गेले. ऐकून माझे हात थंड पडले. आम्ही त्या धरमपेठच्या खुर्चीवरून वेळेवर उठलो नसतो तर!

आता सर्व्हिसचं बोलू. फी बसायच्या हिशोबाने, तासाला, पॅकेज नाही, हे मला फार आवडलं. पुढचं बसणं आपल्याला पाहिजे तर. "कॉलेज मिळवून देतो" असं सर एकदाही म्हणाले नाहीत, एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरचा (पात्रता तपासणारं ऑफिस) फॉर्म पोरीकडूनच भरून घेतला, स्वतः बाजूला बसून. ईमेल पण तिनेच लिहायचे, सर फक्त चुका काढतात. व्हिडिओबद्दल म्हणाले तीन-चार मिनिटांचा करा, गाणं नको, बॉल नसताना ती कुठं पळते तेही दिसलं पाहिजे.

कमी काय वाटलं तेही लिहिते. फोन उचलत नाहीत, फक्त शनिवार-रविवार, अन् मे महिन्यात ४५ डिग्रीत त्या वरच्या खोलीत एकच कूलर, पोरं घामाघूम. पावती हाताने लिहून देतात. बोलायला लागले की थांबत नाहीत. अन् पोरांशी कडक बोलतात, एका पोराला माझ्यासमोर "तुझा डावा पाय चांगला आहे पण इंग्रजीत ४१ आहेत, आधी ते" असं म्हणाले, तो पोट्टा रडकुंडीला आला, मला वाईट वाटलं, पोरांना जरा सांभाळून सांगायला पाहिजे. म्हणून पाचातून साडेचार स्टार देते. पहिल्यावाल्यांना एकही नाही.

ज्यांची पोरं आठवीत आहेत त्यांनी आत्ताच जा, दहावीनंतर जाऊ नका, मी उशीर केला. नववीची मूळ मार्कशीट शाळेतून घेऊन ठेवा, दुसऱ्या ठिकाणी विचारायला जाल तिथंही समोरचा माणूस मार्कशीट मागतो का ते पहिल्या दहा मिनिटांत बघा.

आमचं आत्तापर्यंत एवढं झालंय की तिने सव्वीस कोचना ईमेल केले, पाच जणांचं उत्तर आलं. पहिलं उत्तर एका डिव्हिजन थ्री कॉलेजच्या कोचबाईंचं. दोनच ओळी. व्हिडिओ पाहिला, आवडला, नववीपासूनचे मार्क पाठव. पोरगी मोबाइल घेऊन किचनमध्ये पळत आली, मी पोळ्या लाटत होते, तिने मला ती ओळ तीनदा वाचून दाखवली अन् मग स्वतःच म्हणाली नववीचं काय सांगू. सरांना विचारलं तर म्हणाले जे आहे ते पाठवायचं अन् खाली लिहायचं की त्या वर्षी काय झालं, त्यानंतर कसं वर आलं, खोटं एक अक्षर नको. तसंच पाठवलं. अकरावीचा रिझल्ट लागला, मॅथ्समध्ये ७८ आहेत. रविवारी तो कागद घेऊन परत प्रतापनगरला जायचंय.